धाकटीच्या मागे पाच किलोमीटर

आधी मी पळायला लागले, हे सांगून ठेवलेलं बरं. आमच्या घरात आता ते कुणाला आठवत नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, साखर काठावर आली आहे, तेव्हा पंचेचाळिसाव्या वर्षी मी नवऱ्याची जुनी पँट कमरेत आवळून रस्त्यावर उतरले. पहिल्या दिवशी विजेच्या दोन खांबांमधलं अंतरसुद्धा पुरं झालं नाही. पाच महिन्यांनी मात्र तळ्याला दोन फेऱ्या, म्हणजे बरोबर पाच किलोमीटर, अडतीस मिनिटांत मारू लागले. घरात माझा भाव वधारला. नवरा आल्यागेल्याला सांगायचा, सासूबाई नाक मुरडत का होईना ऐकून घ्यायच्या.

माझं बघून धाकटी जाऊ पळायला लागली. बूटही माझेच, जुने झाले म्हणून मीच मोठ्या मनाने दिलेले. ‘ताई, मला जमेल का हो?’ म्हणाली. मी म्हटलं, ‘जमेल की, हळूहळू.’ तीन महिन्यांत ती चौतीस मिनिटांवर आली. त्या तीन महिन्यांत मी अडतीसवरच होते. कधी सदतीस पंचावन्न, कधी अडतीस दहा, पण घड्याळ तिथून हलायला तयार नाही. माझ्याच बुटांत ती माझ्या पुढे पळत होती आणि मला तिच्या टाचा मोजाव्या लागत होत्या.

आम्ही दोघी मिळून कपडे दुरुस्तीचं दुकान चालवतो. घराखालची एक खोली, दोन मशिनं, कापायचं लांब टेबल, भिंतीला उभा आरसा. माझी कात्री चिंधीभर कापड वाया जाऊ देत नाही आणि त्याचा मला अभिमान आहे. धाकटीचं उलटं. पुढेमागे कपडा सैल करता यावा म्हणून शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड सोडतात, त्याला आमच्या धंद्यात माया म्हणतात. धाकटी चांगली दोन बोटं माया सोडते. गिऱ्हाईक अंगाने भरलं की तिच्या हातचा कपडा उसवून सैल होतो, माझ्या हातचा होत नाही. म्हणून गिऱ्हाइकं दारातूनच विचारतात, ‘धाकट्या बाई आहेत का?’ शिवाय ती गुणगुणत मशीन चालवते आणि दोरा तुटला तरी हसते. अशा माणसाशेजारी दिवसभर बसून बघा, म्हणजे कळेल.

मी इरेला पेटले. रोज जीव तोडून पळायचं ठरवलं. सुट्टीचा दिवस बंद केला, घरून निघाल्या क्षणापासून धाप लागेल असा वेग धरला. गुडघा कुरकुरायला लागला, दुकानात बसल्या बसल्या डोळा लागायला लागला आणि आकडा अडतीस तो अडतीसच. नवरा म्हणाला, ‘अगं, ती तुझ्याहून बारा वर्षांनी लहान आहे.’ समजूत काढायला निघालेली माणसं नेमकं दुखतं तिथेच बोट ठेवतात. मला अडतीसच्या खाली यायचं होतं, हे खरं. पण त्याहून खरं म्हणजे मला तिच्या पुढे जायचं होतं. ते मी नवऱ्याला सांगितलं नाही.

एके दिवशी धाकटीने तिची पळायची पँट माझ्या टेबलावर ठेवली. ‘ताई, कमरेत जरा आत घेता? फार सैल होते.’ म्हणजे बारीकही झाली होती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी कंबर आत घेतली आणि उरलेली माया कात्रीने शिवणीपर्यंत साफ उडवली. आता खा आणि सुटून दाखव, असं मनात म्हटलं. खोटं कशाला सांगू, त्या वेळी फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी तिने पँट उलटी करून बघितली. शिंपिणीला उलटं करून बघितल्याशिवाय राहवत नाही.

‘माया कापून टाकलीत?’

‘टोचली असती तुला,’ मी म्हटलं.

तिने शिवणीवरून अंगठा फिरवला. रागावली मात्र नाही, हीच तर तिची वाईट खोड. म्हणाली, ‘ताई, तुम्ही पळतानापण अस्संच करता.’

‘कसं?’

‘रोज अगदी शिवणीपर्यंत कापता. जराही माया ठेवत नाही. मग दुसऱ्या दिवशी सैल व्हायला जागा कुठून येणार? मी तर आठवड्यातले चार दिवस दुकानातल्या कपड्यांची मापं मोठ्याने म्हणत पळते. छाती छत्तीस, कंबर तीस, बाही बावीस. मापात दम अडकला की समजायचं, वेग जास्त झाला. जोरात पळते ती फक्त एक दिवस.’

‘मला शिकवू नकोस,’ मी म्हटलं आणि मशीन सुरू केलं. सुईत दोरा नव्हता, हे हातभर शिवल्यावर कळलं.

तिचं ऐकायचं नाही असं ठरवायला मला दोन दिवस लागले आणि ऐकायला तिसरा. तळ्यावर कुणी हळू पळताना बघू नये म्हणून मी गोदामांमागचा रस्ता धरला. तिथे टपालवाला चालत चालत माझ्या पुढे गेला. मी आपली म्हणत होते, ‘कंबर बेचाळीस, पोट पंचेचाळीस.’ एका पोटसुट्या गृहस्थांनी थांबून माझ्याकडे फार दुखावलेल्या नजरेने बघितलं. लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण वेग वाढवला नाही. तिसऱ्या आठवड्यात गुडघा गप्प झाला. पाचव्यात बाहीच्या मापाबरोबर खिशाचं मापही एका दमात निघायला लागलं. धाकटीला यातलं काही सांगितलं नाही. तिला श्रेय द्यायचं तर आधी तिला हरवून मग द्यायचं, असा माझा हिशेब.

दोन महिन्यांनी तळ्यावर शर्यत होती. दोघींनी नावं दिली. पहिल्या फेरीत मी स्वतःला धरून ठेवलं, दुसऱ्या फेरीत सोडलं. आणि खरंच, पाय निघाले! तीन बायका, एक कॉलेजकुमार, सगळ्यांना मागे टाकलं. फेरीच्या मध्यावर धाकटीची पाठ दिसली. तिने मागे वळून मला पाहिलं, तोंडभर हसली आणि चक्क वेग कमी केला. माझ्यासाठी!

‘थांबू नकोस!’ मी ओरडले. ‘थांबलीस तर जन्मात बोलणार नाही! पळ, मेले!’

ती दचकून पळाली. मी तिच्यामागे पळाले, कमरेत कळ येईपर्यंत, डोळ्यांपुढे अंधारी येईपर्यंत. रेषा ओलांडली तेव्हा वरच्या मोठ्या घड्याळात पस्तीस मिनिटं बारा सेकंद झाले होते.

धाकटीने मला गच्च मिठी मारली. ‘ताई, तीन मिनिटं तोडलीत! तीन मिनिटं!’ ती माझ्यासाठी हुंदके देऊन रडत होती. मलाही रडू येत होतं. पण तिचं मनगट माझ्या गळ्याशी होतं आणि त्यावरचं थांबवलेलं घड्याळ माझ्या नाकासमोर. तेहतीस पन्नास. म्हणजे अजून एक मिनिट बावीस सेकंद. आणि तेसुद्धा ती माझ्यासाठी रेंगाळली ते धरून.