अध्यक्षांचा बंद लिफाफा

आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षावर मी जळतो, हे आधीच सांगून टाकतो. इथे आखातात, मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत आम्ही एकाच युनिटवर कामाला, महबूलात एकाच इमारतीत राहायला, आणि निवडणुकीत त्याने मला सपशेल पाडलं. लिफ्टमध्ये लोक त्याच्याशी आपणहून बोलतात. माझ्याशी बोललेच तर एसीबद्दल.

मंडळाची घटना मात्र मी लिहिलेली. रिफायनरीतल्या सुरक्षा-नियमावलीसारखी, प्रत्येक कलमाला क्रमांक, पानाच्या तळाशी ‘रिव्हिजन तीन’. हरल्यावर मी त्यात एक कलम घुसवलं: तक्रार आली तर अध्यक्षाने कार्यक्रमांतल्या निवडीचे कागद तीन ज्येष्ठांच्या लवादापुढे ठेवायचे आणि ते तक्रारदाराला वाचायला मिळायचे. सभेत मंजुरीसाठी सगळ्यात आधी हात वर केला तो अध्यक्षानेच.

यंदा गणपतीतल्या नाटकात मुख्य काम माझ्या मुलीला मिळणार, याची मला खात्री होती. महिनाभर मी तिच्याकडून उतारे घोटून घेतले होते. यादी लागली, त्यात तिचं नाव नव्हतं. मी जाब विचारला तर अध्यक्ष म्हणाला, "ते कागद गोपनीय आहेत. लोक अध्यक्षाला विश्वासाने काही सांगतात."

त्याच आठवड्यात टीव्हीवर बातमी होती, कुठल्याशा देशाच्या राष्ट्राध्यक्षाला कोर्टाने कागद द्यायला लावले. मला चेवच आला. "तिकडे राष्ट्राध्यक्षाची डाळ शिजत नाही, तू कोण लागून गेलास?" म्हटलं आणि रीतसर तक्रार ठोकली.

शुक्रवारी दुपारी लवाद बसला. प्रमुख होते रत्नागिरीकडचे चाचा. फहाहीलला त्यांचं कापडाचं दुकान आहे. अध्यक्ष नाहीच म्हणत होता.

"खुर्ची तुजी नाय बाबा, मंडळाची हाय," चाचा म्हणाले. "गुपित हाय का लपवाछपवी, ता आमी बघून ठरवू. तक्रारीपुरता कागद दे, बाकीचे ठेव तुज्याकडं."

अध्यक्ष माझ्याकडे वळला. "तक्रार मागे घे रे." मला वाटलं, घाबरला. मनातून उकळ्या फुटत होत्या.

शेवटी त्याने पुढे केलेला बंद लिफाफा तिघांनी उघडून वाचला. चाचांनी चष्मा काढून पुसला. "ह्याची काय चूक नाय. तू नाय वाचलास तरी चालेल."

न वाचायला काय झालं? कलम माझंच होतं.

आत वहीचं एक पान होतं. अक्षर मुलीचं. ‘काका, मला हे काम नको. बाबा खूप ओरडतात, आता मला स्टेजचीच भीती वाटते. पण त्यांना सांगू नका. त्यांना वाईट वाटेल.’

मी पान घडी करून परत दिलं. अध्यक्षाने ते खिशात ठेवलं. निवडणूक हरलो तेव्हाही मी त्याच्यावर इतका जळलो नव्हतो. घरी मी काहीही विचारलं तरी मुलगी इंग्रजीत उत्तर देते. त्याला तिने मराठीत लिहिलं होतं.