दूध केंद्रावरच्या मावशींचा ‘कावून’

आमच्या वडवणीच्या सहकारी दूध केंद्रावर दूध मोजून घेणाऱ्या मावशींना काहीही सांगा, त्या आधी ‘कावून?’ म्हणजे ‘का?’ विचारणार. दूध कमी आलं, कावून? सून माहेरी गेली, कावून? त्या वर्षी दुष्काळात निम्मी जनावरं चारा छावणीला गेली, दुधाची रांग लहान झाली, पण मावशींचे प्रश्न कमी झाले नाहीत. कामाच्या घाईत मला त्याचा फार वैताग यायचा.

माझी लेक नुकतीच बारावी झाली होती. तिला आयटीआयला वायरमन व्हायचं होतं, मला तिला कॉलेजात घालायचं होतं. प्रवेशाचा शेवटचा दिवस आला. दूध घालून आम्ही बीडची बस धरणार होतो, आणि केंद्रावरही आमचा वाद चालूच होता.

“कालेजच कावून?” मावशींनी माप हातात धरून विचारलं.

“सगळ्याच पोरी जातात.”

“मंग हिनं बी कावून जावं?”

“अहो, वायरमन म्हणजे पुरुषाचं काम. नावातच मॅन आहे!”

“कावून?”

मी ‘कारण’ म्हणाले आणि मलाच हसू फुटलं. रांगेतल्या बायाही हसायला लागल्या. लेक माझ्याकडे बघत होती.

“चल, आयटीआय!” मी म्हणाले. दाखल्यांची पिशवी तयारच होती, दोन्हीकडे तेच दाखले लागतात.

तेवढ्यात समोरची बस हलली. आम्ही दोघी पळत सुटलो. मावशी माप टाकून रस्त्यावर आल्या, आणि दोन्ही हात वर करून ओरडल्या,

“ओ कंडक्टर, थांबवा की गाडी! आमची वायरबाई यायली!”