सॅलॅमँडरवाल्या बाई

चष्मा डोक्यावर सरकला की आम्ही सावध व्हायचो. पाठोपाठ बाई म्हणायच्या, "थांबा, याला एक उदाहरण आहे." विषय कोथिंबिरीचा असो की कुणाच्या सुनेचा, उदाहरण ठरलेलं असायचं. सॅलॅमँडर!

आखातात, खलिफा सिटीत त्या आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायच्या आणि एका भारतीय शाळेत बायॉलॉजी शिकवायच्या. घरात त्या आणि शाळकरी मुलगी. नवरा मुलगी लहान असतानाच सोडून गेला होता. तुमच्याही ओळखीत अशा एखाद्या बाई असतील, ज्यांना बिल्डिंगमधली पोरं घाबरतात आणि ज्यांच्याच घरी पडीक असतात.

सॅलॅमँडर दिसतो पालीसारखा, पण बेडकाच्या गोतातला. कुणी पाल म्हटलं की बाई भडकायच्या. "पाल नाही हो! ओली कातडी असते. मी सांगते ती जात फक्त उत्तर अमेरिकेत सापडते. वर्षभर जमिनीखाली, अंडी घालायला तेवढी तळ्यावर."

"म्हणजे आपल्यासारखीच," माझा नवरा म्हणायचा. "उन्हाळाभर एसीत, थंडीत समुद्राकाठी कॉर्निशवर."

संक्रांतीचं हळदीकुंकू माझ्याकडे असायचं. ते सवाष्णींचं, म्हणून दर जानेवारीत नेमक्या त्याच संध्याकाळी बाईंचं डोकं दुखायचं. आम्हीही ते खरं मानायचो, कारण ते सोयीचं होतं. एका वर्षी लिफ्टमध्ये त्यांच्या मुलीने मला गाठलं. "आंटी, इज इट रिअली अ हेडेक, ऑर इज मॉम नॉट इन्व्हायटेड?"

मला लाज वाटली. तशीच बाईंकडे गेले आणि आमंत्रण देऊन आले.

त्या वर्षी सासूबाई सांगलीहून व्हिजिट व्हिसावर आल्या होत्या. कुंकवाचा करंडा अर्थातच त्यांच्या हातात. बाई मुलीला घेऊन आल्या आणि हॉलमधल्या बायका वळून बघायला लागल्या. सासूबाईंनी बाईंचा मोकळा गळा पाहिला आणि सरळ विचारलं, "तुमचे मिस्टर?"

मुलगी आईकडे बघत होती. बाईंनी चष्मा वर सरकवला.

"याला एक उदाहरण आहे. अमेरिकेतल्या काही तळ्यांत सॅलॅमँडरची एक जात आहे, सगळ्या माद्याच. शेजारच्या जातीचा नर तळ्याच्या तळाशी बीजाची पुडी ठेवून जातो. ही ती उचलते, अंडी जागी करण्यापुरती वापरते आणि बहुतेक वेळा त्याचं बाकी सगळं टाकून देते. होतात त्या मुलीच, आईसारख्या. लाखो वर्षं चाललंय."

सासूबाई करंडा धरून तशाच उभ्या. "आणि त्या नराला काय मिळतं हो?"

"आमंत्रण," बाई म्हणाल्या.

सासूबाई अशा हसल्या की चिमटीतलं कुंकू बाईंच्या नाकावर सांडलं. "आता लावलंच गेलं की," असं म्हणत त्यांनी उरलेलं नीट कपाळावर लावलं, आणि मुलीलाही लावलं. पुढे सांगलीला फोनवर बहिणीला सांगत होत्या, "अगं, अमेरिकेत एक पाल असते..." समोरच्या फ्लॅटमध्ये बाईंना ऐकू गेलं नाही, हे नशीब.

मुलीला कॅनडात कॉलेज मिळालं आणि बाई फ्लॅट सोडून तिच्यासोबत गेल्या. एकदा फोटो आला. तळ्याकाठी रेनकोट घातलेल्या दोघी, आणि खाली लिहिलेलं, "भेटल्या. सगळ्या मजेत. नवऱ्यांची चौकशी केली नाही."

गेल्या वर्षी सासरे गेले. सासूबाई आता आमच्याकडेच असतात. यंदा हळदीकुंकवाच्या दिवशी त्या दुपारपासून आतल्या खोलीत पडून होत्या. "तुमचं चालू दे. माझं डोकं दुखतंय गं."

ती डोकेदुखी मला ओळखीची होती. बायका यायच्या आधी मी करंडा घेऊन आत गेले. तो त्यांच्यापुढे धरला. त्या करंड्याकडे बघत राहिल्या. डोळे भरून आले त्यांचे, माझेही. मग त्या उठून बसल्या आणि चष्मा हळूच डोक्यावर सरकवला.

"याला एक उदाहरण होतं ना गं?" असं म्हणून त्यांनी कपाळ पुढे केलं. "लाव. नाकावर सांडू नकोस फक्त."