चित्रांच्या लिलावात अक्का

काही घरांत धूळ साचते, काहींत भांडी. आमच्या हुमनाबादच्या डॉक्टरांच्या घरात किस्से साचतात. चित्रंही साचलीत, पण चित्राला भिंत लागते. किश्श्याला कुणी खिळा मागत नाही, म्हणून ते वाढतच चाललेत!

डॉक्टर म्हणजे गुराढोरांचे डॉक्टर. उमेदीची अठरा वर्षं त्यांनी युगांडातल्या गायींना सुया टोचण्यात घालवली. शेजारी एक चित्रकार राहायचा. त्यानं एकदा अंगणातल्या चुलीपुढं भाकरी करणाऱ्या डॉक्टरीणबाईंचं, म्हणजे आमच्या सुमनअक्कांचं, चित्र काढलं. "पगार झाला की घेतो," डॉक्टर म्हणाले. पगार व्हायच्या आत ते कुण्या गोऱ्या साहेबानं उचललं. पुढं चित्रकार वारला आणि मग मोठा झाला. त्याची चित्रं लंडनच्या लिलावात येऊ लागली. ते एक चित्र परत आणायचंच, या ध्यासानं रिटायर झालेले डॉक्टर आफ्रिकन चित्रांचा एकही ऑनलाइन लिलाव चुकवत नाहीत. पण लिलावात बसलं की हात शिवशिवतात. त्यामुळं अक्का काही सापडेनात आणि बाकीची आफ्रिका हॉलमध्ये येऊन बसली!

मी शाळेत ड्रॉइंग शिकवतो, म्हणून डॉक्टरांनी मला तज्ज्ञ नेमलंय. मानधन म्हणजे चहा.

*

आमच्यातले तिसरे बीरप्पा अण्णा. जातीचे धनगर, जन्म मेंढरांमागं गेला, आता गुडघे कुरकुरतात म्हणून बाजारात मेंढरांचे सौदे जमवून देतात. पहिल्यांदा लिलाव बघायला आले तेव्हा त्यांनी विचारलं, "माल कुठाय?"

"लंडनला."

"दात बघितलाव का?"

"चित्राला दात नसतात, अण्णा."

"मग वय कसं कळतंय?"

तेवढ्यात स्क्रीनवर आकडे चढायला लागले आणि अण्णा हबकले. "समद्यांना बोली दिसायलीय की! मग भाव चढंल न्हाईतर काय हुईल?"

जनावरांच्या बाजारात आमच्याकडं भाव टॉवेलाखाली बोटं दाबून ठरतो. अण्णांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, लॅपटॉपवर टाकला आणि डॉक्टरांचा हात धरून आत घातला. "आता बोला!"

डॉक्टरांनी हात सोडवून टॉवेल ओढला, तोवर आतल्या झटापटीत बोलीचं बटण दाबलं जाऊन आम्ही जिंकलो होतो. जांभळ्या रंगाचं, पुरुषभर उंचीचं काहीतरी!

"बघा," अण्णा म्हणाले, "टॉवेलाखाली सौदा कसा झटक्यात जमतोय."

*

एकदा गुराख्याचं चित्र आलं. माळ, तांबडी धूळ, गायींचा कळप आणि पुढं चालताना मान वळवून बघणारा गुराखी. मी तज्ज्ञ! रंगांचा तोल, मोकळी जागा, रेषेची लय यांवर पंधरा मिनिटं बोललो. डॉक्टर मान डोलवत होते.

अण्णा मात्र चित्राला नाक लावून बोटानं गायी मोजत होते. मोजून झाल्या, पुन्हा मोजल्या.

"एक गाय मागं राहिलीय," ते म्हणाले.

"कशावरून?"

"समद्या मिळाल्यावर माणूस असा मागं बघत न्हाई."

त्या दिवसापासून त्या चित्रापुढं उभं राहिलं की मला ती न काढलेली गायच दिसते. रंगांच्या तोलाबद्दल मी परत बोललो नाही.

*

मग बाटल्यांच्या झाकणांचं ते प्रकरण. तिकडचे काही कलाकार सोड्याच्या बाटल्यांची पत्र्याची झाकणं ठोकून, तारेनं ओवून भलेमोठे पडदे करतात. डॉक्टरांनी तसला एक छोटा घेतला. हायवेवरच्या ढाब्याचे मालक बसवराज जनावराचं औषध विचारायला आले होते. त्यांनी पडदा खालपासून वरपर्यंत बघितला आणि औषध घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी दारात दोन पोती!

"झाकणं हायत," बसवराज म्हणाले. "तुम्ही गोळा करायलाव, आधी सांगायचं की! लंडनहून कामून मागवायलाव?"

त्यांच्या चेहऱ्यावर इतकी माया होती की डॉक्टरांना नको म्हणवेना. आता दर शुक्रवारी एक पोतं येतं.

*

आणि गेल्या हिवाळ्यात ते आलं! कॅटलॉगमध्ये नाव, 'चुलीपुढची बाई'. हिरवं लुगडं, चेहरा धुरात अर्धा बुडालेला, पुढं तव्यावर भाकरी. डॉक्टर चष्मा काढून पुसायला लागले. खरं सांगतो, माझेही डोळे भरून आले.

लिलावात दुसरा एक जण हटेचना. अक्का दारातून म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या हो. मी हितं जिती हाय की!" डॉक्टरांनी ऐकलं नाही. शेवटी चित्र आमचं झालं.

महिन्याभरानं खोकं आलं. डॉक्टरांनी स्वतः खिळे उपसले, चित्र सोफ्याला टेकवलं आणि अक्कांना हाक मारली. अक्का पदराला हात पुसत आल्या. चष्मा लावला. चित्रापुढं वाकून बघितलं.

"ही मी न्हाई."

डॉक्टर म्हणाले, "कामून?"

"भाकर बघा की. कड फाटलीय. माझी भाकर कधी फाटली का?"

मी तज्ज्ञ म्हणून खोक्यावरचं लेबल वाचायला लागलो. खिळे गोळा करणाऱ्या अण्णांनी छताकडं बघितलं. इतक्या वर्षांची वणवण, आणि भलतीच बाई?

डॉक्टर हळूच म्हणाले, "तिकडं फाटायची."

"कवा?"

"पहिली दोन वर्षं. पीठच तसलं होतं तिथलं. रोज फाटायची."

अक्का चित्राकडंच बघत होत्या. "मग कधी बोलला कामून न्हाई?"

"तू आधीच चुलीपुढं बसून रडायचीस. त्यात आणि भाकरीचं काय बोलू?"

अक्का आत गेल्या.

चित्र हॉलमध्ये लागलंय, अगदी समोर. फक्त त्याच्यापुढं अक्कांनी एक फुलदाणी ठेवलीय, बरोबर भाकर झाकली जाईल अशी.