जयवंताचे भासरे आणि संत्र्याचा रस

जयवंता ही सौंसरमधली माझी शेजारीण. बावीस वर्षांच्या संसारात ती भासऱ्याशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, एक शब्द बोलली नव्हती. रीतच तशी. भासरे रघुनाथराव तीन हातांवर बसलेले असले तरी ही डोक्यावर पदर घेऊन नवऱ्याला सांगणार, "तुमच्या भावाले इचारा, चहा घेता का म्हून." मला हा प्रकार कधी पटला नाही, पण मला विचारतो कोण!

शहाऐंशी साली तिच्या नवऱ्याला, पुंडलिकरावांना, लकवा मारला. कुणी म्हणे वारं लागलं, कुणी म्हणे नजर. मूर्खपणा सगळा. रक्तदाब वाढलेला, डोकं दुखायचं थांबलं म्हणून यांनी परस्पर गोळ्या बंद केल्या आणि मेंदूतल्या शिरेत गुठळी अडकली. उजवं अंग लुळं, वाचा बंद. घरी सोडताना नागपूरच्या डॉक्टरांनी जयवंताला बजावलं, "दर दोन तासांनी कूस बदला. लुळा हात-पाय हलवत राहा. आणि पातळ काही पाजू नका. घसा धड चालत नाही, ते फुप्फुसात गेलं तर माणूस हातचा जाईल."

आता पंचाईत अशी, की घरातला निरोप्याच मुका झाला.

मी बसलेली असताना रघुनाथराव बागेतल्या संत्र्यांचा पेलाभर रस घेऊन आले. "वाळून राह्यला रे भाऊ! ताकद पाह्यजे."

जयवंता नवऱ्याकडे वळली. "तुमच्या भावाले सांगा, डाक्टरनं पातळ मना केलं हाय."

"आं... आं..." पुंडलिकराव म्हणाले.

"पाहा, हो म्हणून राह्यला!"

"नाही म्हणून राह्यले, सांगा त्याहीले!"

"रघुनाथराव, ती नको म्हणतेय," मी म्हटलं.

"मास्तरीणबाई, तुम्ही शाळेत शिकवा," असं म्हणून त्यांनी उताण्या पडलेल्या भावाच्या तोंडात रस ओतलासुद्धा.

पुंडलिकराव ठसकले, चेहरा काळानिळा झाला. जयवंताचा पदर कुठल्या कुठे गेला. "सरका बाजूले! भावाले मारता का?" भासऱ्याला ढकलून तिने नवऱ्याला कुशीवर वळवलं, पाठ थोपटली. रस बाहेर आला, बराचसा रघुनाथरावांच्या धोतरावर. श्वास परतला.

जयवंताने नवऱ्याचं तोंड पुसलं. मग रघुनाथराव हळूच मला म्हणाले, "बाईले इचारा, मंग मी काय करू म्हून."

"मी काय पोस्टमन आहे? तुम्हीच विचारा."

त्यांनी जमिनीकडे बघत विचारलं. जयवंताने नवऱ्याचा लुळा हात त्यांच्या हातात दिला. "धा वेळा वर, धा वेळा खाली. दिवसातून तीनदा."

संध्याकाळी पुंडलिकरावांना उशा लावून ताठ बसवलं. जयवंताने ज्वारीच्या घट्ट कण्यांचा छोटा चमचा तोंडाच्या चांगल्या बाजूने दिला. आम्ही तिघं त्यांच्या गळ्याकडे टक लावून. कंठाची घाटी वर गेली, खाली आली.

"गिळलं!" रघुनाथराव ओरडले.

"बोंबलू नका," जयवंता सरळ त्यांच्याकडे बघत म्हणाली, "अजून अर्धी वाटी बाकी हाय."