नऊ कोऱ्या कागदांवरची सही

काष्टीच्या स्टँडवर पुण्याची एसटी लागली तेव्हा आत्याने माझ्या हातात भाकरीचं फडकं दिलं आणि फडक्याखालून घडी घातलेला एक फुलस्केप कागद. मी तो उघडून पाहिला. वर सगळा कोरा, खाली उजव्या कोपऱ्यात दादांची, माझ्या वडिलांची सही. "कालिजात इचारलं तर कामाला यील," एवढंच ती म्हणाली आणि गाडी हलली. दहावीला चांगले मार्क, खिडकीची जागा, खरं तर मी खुशीत असायला हवं होतं. पण मांडीवरचा कागद मी पुन्हा पुन्हा उघडून पाहत होते. तो कागद असायलाच नको होता.

आई मी चार वर्षांची असताना गेली. मी दुसरीत असताना दादांनी मला आत्याकडे ठेवलं आणि ते गुजरातेत कामाला निघाले. शाळेतल्या मास्तरांनी त्यांना बजावलं होतं की कागदावर बापाचीच सही लागेल, बहिणीची चालणार नाही. दादांचं डोकं भलतंच चालायचं. त्यांनी दुकानातून कागद आणले, ओट्यावर बसले आणि कोऱ्या कागदांवर सह्या करत सुटले. मला नुकतं मोजता यायला लागलं होतं, म्हणून मी मोठ्याने मोजले. नऊ भरले. "तवर यीन की मी," दादा म्हणाले. ते आले नाहीत. पत्र नाही, फोन नाही, कुणाच्या हाती निरोप नाही.

आत्या काष्टीच्या आठवडे बाजारात गुरांची दावी, तोंडाला बांधायच्या म्होरक्या आणि घुंगुरमाळा विकायची. तिला लिहिता येत नव्हतं, अंगठाच उठवायची. सह्यांचे कागद तिने पिठाच्या डब्याखाली ठेवले होते. शाळेने काही मागितलं की एक निघायचा आणि सहीच्या वर मी मजकूर लिहायचे. पाचवीला हायस्कुलात नाव घालायचा अर्ज, स्कॉलरशिपच्या परीक्षेला बसायची परवानगी, सहलीचं संमतीपत्र. मी काय शिकायचं, कुठे शिकायचं हे सगळं आत्या ठरवायची. कागदोपत्री मात्र ती माझी कुणीच नव्हती.

हेडमास्तरांनी एकदा तिला बोलावून समजावलं. "नगरला कोर्टात अर्ज करा. भावाचा ठावठिकाणा नाही असं लिहून द्या, पालकत्व तुमच्या नावावर होईल."

आत्या फणकारली. "जित्या मानसाला हरावला म्हनून लिवून दिऊ? न्हाई जमायचं."

आठवीत नववा कागद संपला. तो मीच काढला होता, डब्याखाली नुसती फरशी उरली होती. नववीत पुन्हा सही हवी झाली आणि मी रडत बसले, आता शाळा सुटणार म्हणून. आत्या म्हणाली, "बाजार हु दे." बाजाराच्या दिवशी संध्याकाळी डब्याखाली एक कागद होता. कुठून आला विचारलं तर म्हणाली, "उरल्ता." अक्षर दादांचंच होतं, खालची लांब रेघही त्यांचीच. फक्त ती जराशी कापत होती. दहावीच्या वेळी आणखी एक आला आणि त्यावरची रेघ जास्त कापत होती. सही म्हातारी होत चालली होती.

मग मी बाजारात बैलांच्या गर्दीत टोपीवाल्या प्रत्येक माणसाचा चेहरा न्याहाळत फिरायचे. मला भीती वाटायची आणि रागही यायचा. दादा इथवर येत असतील, तर मला का भेटत नव्हते? आणि येत नसतील, तर सह्या कोण करत होतं? आत्याला हे विचारायचं धाडस मला कधी झालं नाही.

कॉलेजात तो स्टँडवरचा कागद कुणी मागितलाच नाही. माझ्या पासपोर्टच्या फोल्डरमधून तो मेलबर्नला आला. इथे लेकीच्या शाळेची कन्सेंट मोबाईलवर येते. 'गार्डियन'पुढच्या चौकोनात टिक केली की झालं, कुणी काही विचारत नाही. या दिवाळीत गावी जाताना विमानात मी तो कागद काढला आणि सहीच्या वर लिहिलं, "माझ्या मुलीच्या शिक्षणाचे सर्व निर्णय घेण्याचा अधिकार मी माझ्या बहिणीला देत आहे." कायद्याने आता त्याला काडीची किंमत नाही, मी स्वतःच चाळिशीला टेकले आहे. पण हा हक्क तिच्या नावावर कुठेतरी लिहिलेला असावा असं मला फार वाटत होतं.

आत्याला तो वाचून दाखवला. तिने सहीवरून बोट फिरवलं. "बरुबर लिवलंस. पन सही त्याची हाय. त्याला दावते. उंद्या बाजार हाय." आणि कागद पिठाच्या डब्याखाली सारला.

बाजाराच्या दुसऱ्या दिवशी मी निघाले. स्टँडवर तिने भाकरीचं फडकं दिलं आणि फडक्याखालून घडी घातलेला एक कागद. "ह्यो न्हवं तुजा. तुजा ठिवला म्या. ह्यो नातीच्या शाळंला लागंल म्हनला."

तो फोल्डरमध्ये आहे. घर कुठलं म्हणून इथे कुणी विचारलं की मी काष्टी सांगते आणि हात आपोआप फोल्डरकडे जातो. घडी मी अजून उघडलेली नाही. नवरा म्हणतो, एकदाची चौकशी कर, हरवल्याची नोंद तरी कर. मी हो म्हणते आणि करत नाही. जित्या माणसाला हरवला म्हणायला आता माझीही जीभ रेटत नाही.