अख्खा कृमी कोणाच्या नावावर

संशोधनपत्रिकेतल्या निबंधात एक मोठी सोय असते. 'नमुना घेण्यात आला', 'कृमी बाहेर काढण्यात आला', 'निदान निश्चित करण्यात आले' असे लिहिले की भागते. कोणी घेतला, कोणी काढला, आणि त्यानंतर कोण कोणाशी आठवडाभर बोलत नव्हते, हे छापण्याची पद्धत नाही. ते सगळे मागे उरते. नगरमधल्या एका नेत्ररुग्णालयाच्या वरच्या मजल्यावर, डोळ्यात आणि शरीरात शिरणाऱ्या परजीवींची प्रयोगशाळा मी बरीच वर्षे सांभाळते आहे. अशा उरलेल्या गोष्टींचा साठा आता माझ्याकडे स्लाइडपेक्षा मोठा झाला आहे. स्लाइड जुन्या झाल्या की निदान टाकून तरी देता येतात.

एक खुलासा सुरुवातीलाच केलेला बरा. या गोष्टींत मी तटस्थ नाही. खालच्या मजल्यावर डॉ. शाल्मली नावाची नेत्रशल्यचिकित्सक आहे. माझ्यापेक्षा पुष्कळ लहान, हाताने कुशल, आणि नशिबाने त्याहून कुशल. मला तिचा हेवा वाटतो. तो वाटण्याला पुरेसा पुरावा आहे.

*

शाल्मली रुजू झाली त्याच आठवड्यात एमआयडीसीत काम करणारा एक तरुण डोळा लाल करून आला. कॉन्टॅक्ट लेन्स बोअरच्या पाण्याने धुवायचा. शाल्मलीने त्याच्या बुबुळावरून थोडा अंश खरवडून वर पाठवला. आम्ही असा नमुना काचेच्या बशीत ठेवतो आणि त्यात अमीबा वाढतो का ते पाहतो. माझ्या वहीत त्या अमीबापुढे वर्षानुवर्षे एकच शेरा होता: आढळला नाही.

शाल्मलीच्या पहिल्याच बशीत तो आढळला.

मी म्हटले, बशी दूषित असणार. उरलेल्या नमुन्यातून दुसरी बशी लावली. त्यातही आढळला. मी म्हटले, ज्यात अमीबा वाढवतो ते बशीतले माध्यमच जुने आहे. नवे माध्यम तयार करून तिसरी लावली. तिसऱ्या बशीत तर तो नुसता आढळला नाही, नांदत होता. मग मी खाली जाऊन शाल्मलीचे अभिनंदन केले.

आमच्या तंत्रज्ञ रेखाताई भिंगारच्या. त्या हा प्रसंग अजूनही सांगतात. "मॅडमनी अभिनंदन कसं केलं म्हणाल, तर 'तुमच्या गाडीचं मागचं टायर बसलंय' असं सांगावं ना, तसं."

त्या तरुणाचा डोळा वाचला. उपचार वेळेत सुरू झाले होते. शाल्मली माझ्या तिसऱ्या बशीसाठी थांबलीच नव्हती.

*

त्याच अमीबाच्या छायाचित्राचे एका परिषदेत पोस्टर झाले. छायाचित्र खरोखर देखणे होते, हे मी निक्षून सांगते, कारण ते माझ्या सूक्ष्मदर्शकावर, मी प्रकाश जुळवून दिल्यावर काढलेले होते. पोस्टरच्या तळाशी बारीक अक्षरांत ऋणनिर्देश होता. मी चष्मा बदलून तो वाचला.

सूक्ष्मदर्शकाचे नाव मॉडेलच्या क्रमांकासह दिलेले होते. माझे नव्हते.

मी शाल्मलीला विचारले. ती मनापासून ओशाळली. "अगं ताई, तुझं नाव घातलं तर औपचारिक वाटेल असं वाटलं मला. आपण काय परक्या आहोत का?"

ही 'ताई' मला तेव्हापासून सहन होत नाही.

*

मांजरांपासून पसरणाऱ्या आणि डोळ्याच्या पडद्याला इजा करू शकणाऱ्या एका परजीवीवर आम्ही काम सुरू केले. रक्ततपासणीचे नवे किट आले होते. ते नीट चालते का हे पाहायला एक तरी असे रक्त हवे, ज्यात त्या परजीवीच्या जुन्या, निरुपद्रवी संसर्गाची खूण आहे. विभागप्रमुखांनी, म्हणजे सरांनी, सुचवले की आधी आपल्याच मंडळींचे रक्त तपासावे. बाहेरून मागवण्यात वेळ जातो.

सगळ्यांनी रक्त दिले. एकट्या शाल्मलीचे पॉझिटिव्ह आले. लहानपणी घरात मांजर होते म्हणे.

सर प्रसन्न झाले. "वा! प्रकल्पाला आपल्याच घरातलं प्रमाण मिळालं." पुढचे कित्येक महिने प्रत्येक तपासणीत पहिल्या नळीत शाल्मलीचे रक्त असे. तिच्यावाचून एकही निकाल ग्राह्य धरला जात नव्हता.

माझे नाव निगेटिव्ह नमुन्यांत होते. माझ्या खाली रुग्णवाहिकेचे चालक.

"तुमच्या घरी मांजर नव्हतं का हो?" रेखाताईंनी विचारले.

"आमच्याकडे स्वच्छता होती," मी म्हटले.

"तेच नडलं," रेखाताई म्हणाल्या.

*

भंडारदऱ्याच्या बाजूला एका वाडीत आम्ही पाहणीला गेलो. डोळ्यांचे विकार आणि पोटातले जंत यांची एकाच कुटुंबात मिळून तपासणी, असे तिचे स्वरूप होते. कागदावर ही आखणी माझी होती आणि ती निर्दोष होती. प्रत्यक्षात असे झाले की, शाळेच्या एका खोलीत शाल्मली बसली, ती डोळ्यात थेंब घालून चष्म्याचा नंबर सांगत होती. दुसऱ्या खोलीत मी बसले, आणि मी प्रत्येकाला झाकणाची एक प्लास्टिकची डबी देऊन, तिच्यात सकाळी काय आणायचे ते समजावून सांगत होते.

शाल्मलीच्या खोलीबाहेरची रांग पटांगणापर्यंत गेली. माझ्या दारात एक कोंबडी.

एक आजोबा चुकून माझ्याकडे आले. बाहेरून त्यांच्या सुनेने हाक मारली, "मामंजी, तिकडं न्हाई. ती डबीवाली बाई हाय. डोळ्याची बाई पलीकडं हाय."

तेव्हापासून अकोले तालुक्यात मी डबीवाली बाई आहे. माझी पीएच.डी. परजीवीशास्त्रातली आहे, हे तिथे कोणाला सांगण्यात अर्थ नाही.

तरीही दुसऱ्या दिवशी काही डब्या परत आल्या. त्यांतली एक चांगलीच जड होती. रेखाताईंनी झाकण उघडले आणि डबी माझ्यापुढे धरली. आत शेंगदाण्याची चटणी होती, काठोकाठ दाबून भरलेली.

डबी आणणारी बाई संकोचून म्हणाली, "तुमी सांगितलं ते काय जमलं न्हाई, बाई. पर डबी रिकामी कशी माघारी द्यायची?"

आमचा नियम असा, की शिबिरातून आलेल्या प्रत्येक डबीची नोंद झालीच पाहिजे. रेखाताईंनी नोंद केली: 'नमुना तपासणीस अयोग्य. रंग तांबूस. वास लसणाचा.'

दुपारी शाल्मलीने ती चटणी भाकरीबरोबर खाल्ली आणि फार वाखाणली. मला ती खाता आली नाही. डबी नवी कोरी होती, हे मला ठाऊक होते. पण ती कशासाठी दिली होती, तेही मला ठाऊक होते.

*

आता कृमीकडे येते. क्वचित एखाद्या माणसाच्या डोळ्यात, पांढऱ्या भागावरच्या पातळ पडद्याखाली, दोऱ्यासारखा जिवंत कृमी फिरत असतो. डास किंवा माशीतून तो येतो. तो अख्खा बाहेर काढला तरच त्याची जात ओळखता येते. तुटला तर बरीचशी ओळखही तुटते. आमच्या प्रयोगशाळेत असा एकही नव्हता. सरांनी एकदा चहा घेताना आम्हा दोघींना सांगून टाकले, "डोळ्यातल्या कृमींचा नवा प्रकल्प येतोय. अख्खा कृमी जिच्या नावावर पहिल्यांदा लागेल, तिनं तो प्रकल्प चालवावा."

सर हे सहज बोलले. मी त्यानंतर सहज झोपले नाही. अमीबा तिचा, पोस्टर तिचे, रक्तसुद्धा तिचे. कृमी माझा विषय होता, आणि तो प्रकल्प मला हवा होता.

पुढच्याच महिन्यात एका तालुक्याच्या डॉक्टरांनी मला नावानिशी बाटली पाठवली. सोबत चिठ्ठी: 'रुग्णाच्या डोळ्यातून काढलेला कृमी. मृत.' मी सरांना बोलावले. जरा मोठ्या आवाजात बोलावले, म्हणजे खाली ऐकू जावे. सगळे जमल्यावर कृमी भिंगाखाली घेतला.

त्याला पीळ होता. दोन पदरी, एकसारखा, मशीनवर दिलेला पीळ.

सर खोकले. शाल्मलीने माझ्या खांद्यावरून वाकून पाहिले आणि अतिशय हळुवारपणे विचारले, "ताई, सुती आहे की टेरिकॉट?"

*

हिराबाई नगर तालुक्यातल्याच एका गावच्या. घरचे कांद्याचे शेत, एकत्र कुटुंब, वर थोरली जाऊ. हिराबाईंची तक्रार एकच होती: "डोळ्यात कायतरी चालतंय." शाल्मलीने त्यांना आधी तपासले होते. तेव्हा काही दिसले नाही, म्हणून थेंब देऊन परत पाठवले. गावात जावेने सांगितले, की कांदा काढणीला वाकायला नको म्हणून हिने हे सोंग घेतले आहे. ते गावाला पटले.

त्या दिवशी मी एक अहवाल द्यायला खाली ओपीडीत गेले होते. हिराबाई बाकावर बसल्या होत्या. मला पाहून त्यांनी पापणी वर ओढली. "बाई, बघा. आत्ता चाललाय."

मी पाहिले. बुबुळाच्या कडेने, पडद्याखालून, तो वळसा घेत होता. पांढरा, बारीक, अख्खा.

मी शल्यचिकित्सक नाही. मला तो काढता येत नव्हता. काही क्षणांत तो डोळ्याच्या मागे गेला असता, आणि हिराबाई पुन्हा सोंग घेणाऱ्या ठरल्या असत्या. काढू शकेल अशी एकच व्यक्ती त्या मजल्यावर होती. तिला हाक मारताना माझा आवाज कसा लागला, ते रेखाताईंना विचारू नये.

शाल्मली धावत आली. बधिर करणारे थेंब, एक लहानसा छेद, चिमटा. तिने तो न तोडता, हिसका न देता, सगळा बाहेर घेतला. तिचा हात किंचितही हलला नाही. मलाही इतके स्वच्छ काम पाहून क्षणभर आनंद झाला. मग मी बाटली पुढे केली. कृमी बाटलीत पडून वळवळला, आणि आम्हा दोघींच्या लक्षात आले, की बाटली दोघींनीही धरलेली आहे.

"मी पाहिला," मी म्हटले.

"मी काढला, ताई."

"तू आधी पाहूनही तुला दिसला नव्हता."

"आणि दिसून तू काय करणार होतीस?"

सर आले, त्यांनी दोघींकडे पाहिले आणि ते स्टुलावर बसले. डोळ्याला पट्टी बांधलेल्या हिराबाई दुसऱ्या डोळ्याने हे सगळे पाहत होत्या.

"भांडू नका," त्या म्हणाल्या. "माझा हाय त्यो. मी घरी नेनार."

मी समजावले, की असा नमुना रुग्णालयाबाहेर देता येत नाही. नियमाने तो जैविक कचऱ्यात मोडतो.

"कचरा?" हिराबाई म्हणाल्या. "उन्हाळाभर माझ्या डोळ्यात ऱ्हायला, तवा न्हवता कचरा. घरात सगळ्यांनी मला खोटं पाडलं. आक्काला दाखवल्याबिगर मी त्यो कुनाला द्यायची न्हाई."

आता अडचण अशी, की रुग्णाच्या सहीशिवाय तो नमुना संशोधनाला वापरता येत नाही. सरांनी संमतिपत्र पुढे केले. हिराबाईंनी हात मागे घेतला. शेवटी असे ठरले, की कृमी अल्कोहोलमध्ये घालून आमच्या फळीवर राहील, हिराबाई थोरल्या जावेला इथे घेऊन येतील, तिने पाहिला की सही होईल. आणि सही झाल्यावर तो कोणाच्या नावावर लावायचा, ते सर सांगतील.

"तवर कुनी हात लावायचा न्हाई," हिराबाईंनी बजावले. "दोघींनी बी."

आम्ही हात लावला नाही. शाल्मली मात्र या ना त्या निमित्ताने वर येऊन फळीकडे पाहून जाई, आणि ती गेली की मी पाही. तिकडे गावाकडून काही हालचाल नव्हती. रेखाताई म्हणाल्या, "जाऊ कशाला येतीय? खोटं ठरायला एसटीचं तिकीट काढून कोण येतं?"

पण एके सकाळी त्या आल्या. हिराबाई पुढे, थोरल्या मागे. थोरल्या अंगाने भरलेल्या, पदर घट्ट खोचलेला, चेहऱ्यावर काहीही नाही. ओपीडीतच मी बाटली आणि भिंग आणले. शाल्मली आली, सर आले. थोरल्यांनी बाटली उजेडाकडे धरली, फिरवली, भिंगातून पाहिली, भिंग काढून पाहिली.

"दिसला का, आक्का?" हिराबाईंनी विचारले.

"दिसला."

"सोंग म्हनत हुता न्हवं?"

थोरल्यांनी बाटली माझ्या हातात परत दिली. हिराबाईंनी ताठ बसून पेन मागितले. सरांनी संमतिपत्रावर बोट ठेवून जागा दाखवली.

तेवढ्यात थोरल्या उठल्या. डोळे तपासायच्या यंत्रापाशी गेल्या, समोरच्या स्टुलावर बसल्या आणि हनुवटी त्या पट्टीवर टेकवली. कोणीही सांगितले नसताना.

"आता माझा बघा," त्या म्हणाल्या. "माझ्या बी चालतोय. हिच्या आधीपासनं."

हिराबाईंचे पेन कागदावर टेकलेले तसेच राहिले. यंत्राच्या अलीकडे, तपासणाऱ्यासाठी, एकच खुर्ची होती. ती शाल्मलीने आणि मी एकाच वेळी ओढली.